हिरवी पेन्सिल

लाल पेन्सिल पुनरुक्तीला,
निळी त्रिकुटाला,
हिरवी त्या प्रश्नांना
ज्यांचं उत्तर विचारणाऱ्यालाच नको असतं.
तेहतीस वर्षं मी हेच वाटत आले
वेल्समधल्या या दरीत, नववीच्या वर्गाला,
जिथे खिडकीतून दिसतो गवत उगवलेला कोळशाचा ढिगारा
आणि त्यावर कुणाची तरी मेंढी.

भाषणं थोरामोठ्यांची.
युद्धाच्या रात्री रेडिओवरून घरात शिरलेली,
संगमरवरी पायऱ्यांवरून लाखोंना ऐकवलेली,
तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाची.
मी म्हणायचे, आधी ऐका. अंगावर काटा येऊ दे.
मग काटा जिथे आला तिथे खूण करा.
दागिने ओळखायला शिका, पोरांनो,
उद्या कुणी पितळ घेऊन दारात आलं
तर फसणार नाही.

टोमोस सगळंच लाल करायचा.
लोवरीच्या खुणा कमी, पण टोक इतकं दाबून
की मागच्या पानावर उमटायच्या.
आणि गेथिननं एकदा विचारलं,
"मिस, बोलणाऱ्याला माहीत असतं का
की तो हे करतोय?"
मी म्हटलं, चांगला असेल तर विसरून गेलेला असतो.
उत्तर बरं होतं. खरं होतं का,
ते मी तेव्हा तपासलं नाही.

नोव्हेंबरात सभा झाली, बावीस नंबरची बस बंद करण्याची,
खाणकामगारांच्या जुन्या हॉलमध्ये.
मी वर्गाला घेऊन गेले, वह्या-पेन्सिलींसकट.
चहाच्या किटलीची वाफ, ओल्या कोटांचा वास,
आणि व्यासपीठावर काउन्सिलर एमरिस पॅरी.

"ही दरी थकली नाही. ही दरी झुकली नाही.
ही दरी थांबणार नाही."
माझ्या मागे पेन्सिली खरखरल्या. लाल. लाल. लाल.
"फेऱ्या कमी, भविष्य जास्त."
टोमोस कुजबुजला, "विरोध! याला कुठला रंग, मिस?"
"मुलांना आपण कालचे रस्ते देणार, की उद्याचे?"
हिरवी.
पोरं खूश, जत्रेत फुग्यावर नेम लागावा तशी.

मी मात्र बुटांकडे बघत होते.
तिसऱ्या वाक्याआधी तो थांबायचा,
एक श्वास, डावा हात किंचित वर.
ती जागा मीच दाखवली होती त्याला
चौऱ्याण्णव साली, दुसऱ्या बाकावर बसायचा.
कान सोनारानंच टोचावेत म्हणतात.
टोचले होते मी. छान बसले होते.
त्यांत पुढे कोण काय घालेल,
हे कुठला सोनार विचारतो?
(हिरवी. माझीच.)

मग मिसेस प्रॉबर्ट उठल्या,
पुढच्या खुर्चीची पाठ धरून, टप्प्याटप्प्यानं.
"मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी माझं डायलिसिस असतं.
मी कशानं जाऊ?"
इतकंच. बसल्या.

टोमोसची निळी पुढे झाली.
गेथिननं त्याचं मनगट धरलं.
"अरे, ते वारच तीन आहेत."
लोवरी माझ्या खांद्याशी वाकली,
"मिस, हा त्यातला प्रश्न आहे का?"
हिरवं टोक कागदावर टेकलेलं,
तिथेच फिरत राहिलेलं.

एमरिसनं प्रश्नाबद्दल आभार मानले.
बोलायला तोंड उघडलं आणि नजर
रांगा ओलांडत माझ्यापाशी आली.
डावा हात, जो वर जायचा होता,
टेबलावरच राहिला.
हॉलमध्ये किटली तेवढी बोलत होती.

वह्या तपासायला घरी आणल्यात.
लोवरीच्या पानावर मिसेस प्रॉबर्टचं वाक्य
जसंच्या तसं, आणि शेजारी एक हिरवा ठिपका,
मागच्या पानापर्यंत गेलेला.
गुण किती द्यायचे, सुचत नाही.
परवा मंगळवार.
गाडीच्या पुढच्या सीटवरचे पेपरांचे गठ्ठे
आज रात्रीच काढायला हवेत.